पाहणाऱ्याला चहा

ज्या पेढ्यांवरून मी अख्ख्या पेणमध्ये बोंब उठवली, त्यातले दोन मी स्वतः खाल्ले होते. नातवंडांना हे सांगितलं की ती खो खो हसतात आणि विचारतात, "आजी, मग तुला कळलं कसं नाही?" नाही कळलं, बाबांनो. पेढे पोटात होते. अक्कल कुठे होती ते अजून सापडलेलं नाही. मी तेव्हा चाळिशीला टेकले होते. मॅट्रिक झालेली, दोन मुलांची आई, आणि गणपतीच्या कारखान्यात दुपारी सगळ्यांना मोठ्याने पेपर वाचून दाखवण्याचा मान माझ्याकडे. म्हणजे मोठा मूर्खपणा करायला जी पात्रता लागते, ती सगळी अंगी होती. त्यातून मला जिने कान धरून बाहेर काढलं, ती आमची आखणीकाकी.

तिची ओळख करून द्यायची तर आधी तिच्या चहाची करून द्यायला हवी. कारखान्याच्या कोपऱ्यात, रंगाच्या डब्यांपासून दूर, तिचा एक स्टोव्ह असे. गवती चहा घालून ती असा चहा करी की वास दरवाजाबाहेर जाई. पण आम्हाला तो सहज मिळत नसे. कुणी काही भलतीसलती बातमी घेऊन आलं, की काकी हातातला ब्रश न थांबवता विचारी, "कोनी पायलं?" समोरची म्हणे, "सगळे म्हणतात." "सगल्यांना ऱ्हाव दे गो. ज्यानं सवताच्या डोल्यांनी पायलं त्याला आन. माझ्याकडून आल्याचा चा." खाडीकाठच्या आगऱ्यांच्या घरातली ती, ळ तिला येत नसे आणि तो यावा असं तिला वाटतही नसे.

एका वर्षी बातमी आली की खाडीवरच्या नव्या पुलाच्या पायात लहान मूल पुरणार आहेत. शंका नावाला नाही, कारण ती सांगणाऱ्या बाईच्या नणंदेच्या शेजारणीने पाहिलं होतं.

"कोनाचं पोर?" काकीने विचारलं.

"ते नाय ठाऊक."

"मग शेजारनीला आन. चा ठेवते."

ती शेजारीण आली नाही. तिनेही कुणाकडून तरी ऐकलं होतं. बातमी वडखळला गेली, वडखळहून डोलवीला गेली, पण चहा प्यायला एकही माणूस उगवला नाही. पूल मात्र उभा राहिला. त्यावरून आम्हीच एसटीने गेलो.

आणि मिठाची गोष्ट तर मी सांगू नये, पण सांगते. एका दिवाळीनंतर आवई उठली की मीठ संपणार. मी धावत जाऊन पोतंभर मीठ आणलं. पेणमध्ये! जिथे गावाबाहेर पडलं की मिठागरांवर मिठाच्या राशी पांढऱ्या बैलांसारख्या बसलेल्या असतात, तिथे मी डोक्यावर मिठाचं पोतं घेऊन घरी आले. वाटेत काकी भेटली. तिचं सगळं लहानपण मिठागरावर मिठाच्या पाट्या वाहण्यात गेलेलं. तिने पोत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "रोहेकरनी, उद्या पानी पन भरून ठेव. खाडी आटनार हाय म्हनतात." ती मला नेहमी रोहेकरीणच म्हणायची, कारण माझं माहेर रोह्याचं. तिचं ऐकून मी क्षणभर खरंच घाबरले होते, हे मात्र कुणाला सांगू नका.

काकीचं काम होतं डोळ्यांची आखणी. मूर्तीला अंगाचा रंग, शेला, मुकुट हे आम्ही बायका करत असू. शेवटी मूर्ती तिच्यापुढे जाई. खारीच्या केसांचा बारीक ब्रश, श्वास रोखलेला, आणि एका ओढीत भुवई. ती डोळे आखत असली की कारखान्यात कुणी शिंकायचंही नाही. "डोले येईपर्यंत ती माती," ती म्हणायची, "डोले आले की ती आपल्याकडं बघाया लागते. मंग तिच्यासमोर वंगाळ बोलायचं नाय." आणि तिचा एक हट्ट होता: न पाहिलेल्याचे डोळे ती आखत नसे. मी एकदा खोडी काढली, "काकी, मग गणपतीला तू कुठे पाहिलंस?" ती शांतपणे म्हणाली, "रोज बगते. नायतर जमलं असतं होय?"

ते कारगिलचं वर्ष. कारखान्यात जून-जुलैची घाई, आणि मालकांनी, म्हणजे अण्णांनी, टीव्ही आणून फळीवर ठेवलेला. बर्फाचे डोंगर, तोफा, आणि तिरंग्यात गुंडाळून गावोगाव येणाऱ्या पेट्या. रंगवता रंगवता आमचे हात थांबत. काकीचा एकुलता एक मुलगा दत्ता फौजेत होता, ट्रक चालवायचा. कुठे आहे ते त्याला कळवता येत नव्हतं. काकी त्याबद्दल बोलत नसे. फक्त बातम्या लागल्या की ती ब्रश धुवायला उठे आणि बातम्या संपेपर्यंत तो धूत बसे. एवढा स्वच्छ ब्रश मी जन्मात पाहिला नाही.

आम्ही घडवलेले गणपती रोह्याला नेणारा टेम्पो इब्राहिमभाईंचा. माझ्या माहेराच्या मागच्याच गल्लीत राहणारे. माझी आई त्यांच्या टेम्पोतून माझ्यासाठी वालाची पुरचुंडी पाठवायची, मी उलट पोह्याचे पापड. मूर्तीला पेंढा लावायचा तर तो त्यांनीच; दुसऱ्याचा हात त्यांना चालत नसे. जूनमध्ये दहावीचा निकाल लागला आणि त्यांची शबनम पहिल्या वर्गात पास झाली. बाप वेडा झाला. आपल्या गल्लीत पेढे वाटले, निडीच्या रेल्वे फाटकाशी ओळखीच्यांना वाटले, नागोठण्यात वाटले आणि पेणला आमच्याकडे डबा घेऊन आले. माझे दोन्ही हात सोनेरी रंगाने माखलेले, म्हणून काकीनेच पेढा माझ्या तोंडात घातला. मी म्हटलं, "आणखी एक." तोही घातला. हे नीट लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी ती कॅसेट आली. गावातली चार-पाच पोरं जीपमधून येऊन फुकट वाटत होती. त्यांच्या मागे कुठली संघटना होती ते मी लिहीत नाही; मेल्यांची जाहिरात मी कशाला करू? त्यातला सुहास आमच्या आळीतलाच, माझ्या डोळ्यांसमोर लहानाचा मोठा झालेला. मी कॅसेट घेतली आणि मोठ्या रुबाबात कारखान्यातल्या टेपवर लावली. मी पेपर वाचणारी ना!

आधी बंदुकांचे आवाज. मग एक बाई हंबरडा फोडते, जवानाची आई म्हणून. आम्ही सगळ्या पदराने डोळे पुसू लागलो. मग एक पहाडी आवाज: शत्रू फक्त डोंगरावर नाही, तुमच्या शेजारी आहे. इकडे आपले जवान पडत होते, तिकडे रोह्यात पेढे वाटले गेले. वाटणारा आजही तुमच्याच रस्त्यावर गाडी चालवतो आहे. त्याला ओळखा.

आणि मी ओळखलं. कॅसेटमध्ये नाव नव्हतं. मी छातीवर हात मारून म्हटलं, "अगो बाई, म्हणजे आपला इब्राहिमभाई! तरीच त्या दिवशी एवढा हसत होता!"

तुम्ही म्हणाल, त्याने आणलेले पेढे आठवले नाहीत? आठवले की. पण माझ्या डोक्यात ते दोन वेगवेगळे पेढे होते. एक शबनमचा, गोड, वेलचीचा. दुसरा कॅसेटमधला, काळाकुट्ट. पहिला मी खाल्ला होता, म्हणून दुसरा असणार नाही असं थोडंच आहे? रडणं ऐकून डोळ्यांत पाणी आलं की माणूस इतका हुशार होतो.

काकीने कॅसेट शेवटपर्यंत ऐकली. टेप खटकन बंद झाल्यावर एवढंच म्हणाली, "ही बाय पोराचं नाव घेत नाय." आम्हाला कळलं नाही. ती ब्रश पुसत म्हणाली, "आय रडते तवा पोराला हाक मारते गो. ही कोनाला रडते?" मी मनात म्हटलं, म्हातारीचं काळीज दगडाचं आहे.

संध्याकाळी नळावर मी सुहासच्या आईला सांगितलं. तिथून मी भाजी घेऊन घरी पोचेपर्यंत माझी जाऊ मला सांगायला दारात उभी: रोह्याच्या टेम्पोवाल्याने पेढे आणि बर्फी वाटली, शिवाय फटाके वाजवले. "फटाके पण?" मी डोळे मोठे करून विचारलं. माझीच बातमी, नवं लुगडं नेसून माझ्याकडे पाहुणी आली होती, आणि मी तिला ओळखलं नाही.

मग इब्राहिमभाईंना वडखळ नाक्यावर अडवायला लागले. एका गिऱ्हाइकाने अण्णांना सांगितलं, आमचा गणपती त्या टेम्पोतून नको. टेम्पो कारखान्याबाहेर उभा राही आणि पूर्वी आत येऊन माठातलं पाणी पिणारे भाई केबिनमध्येच बसून राहत. मला पाहून त्यांनी एकदा विचारलं, "वहिनी, आईकडे काही न्यायचं हाय?" मी म्हटलं, "नाही," आणि वळले. ते एक 'नाही' अजून मला खुपतं.

पुढच्याच आठवड्यात ती पोरं कारखान्यात आली. त्यांच्या मंडळाची मूर्ती आमच्याकडेच होती: गणपतीच्या पायाखाली राक्षस, आणि राक्षसाला दाढी नि टोपी काढायची, असा त्यांचा हुकूम. काकीने तो राक्षस तसाच बिनडोळ्यांचा कोपऱ्यात ठेवला होता. बाहेर इब्राहिमभाई रोह्याच्या मूर्ती भरायला आलेले. जीप त्यांच्या टेम्पोला आडवी लावून पोरं आत शिरली. अण्णांना म्हणाली, आजपासून हा माणूस तुमच्या दारात दिसला तर तुमच्या मूर्तींची जबाबदारी आमची नाही. वर्षभराची मेहनत फळ्यांवर बसलेली.

काकीने ब्रश खाली ठेवला. आखणी अर्धी सोडून ब्रश खाली ठेवताना मी तिला तेवढं एकदाच पाहिलं. ती स्टोव्हपाशी गेली, पंप मारला, आधण ठेवलं.

"काय पायलंत रं पोरांनो?"

"पेढे वाटले त्याने, काकी. आपले जवान मरत असताना. तुमचा दत्ता तिकडे आणि तुम्ही त्याची बाजू घेताय?"

"दत्ताचं नाव मी घेईन. तू नको घेऊ. पेढे कोनी पायले?"

"सगळ्या पेणला माहीत आहे."

"सगल्या पेनला चा पाजीन. एकाला तरी आन. ज्यानं हात पुढं केला, पेढा घेतला, तोंडात घातला, असा एक."

स्टोव्ह तेवढा भरभरत होता. कारखान्यात आम्ही बायका, अण्णा, माती मळणारे गडी, सगळ्यांनी त्या डब्यातला पेढा खाल्लेला. सगळे आपापल्या ब्रशाकडे बघत होते, जणू ब्रशालाच विचारलं आहे. काकीने माझ्याकडे पाहिलंही नाही. नुसतं आलं ठेचत राहिली. आणि त्या ठेचण्याच्या आवाजात माझ्या डोक्यातले ते दोन पेढे हळूहळू सरकत एकमेकांजवळ आले आणि एक झाले. तोंडात वेलची आली. खरंच आली.

"मी पाहिले," मी म्हटलं. आवाज मांजराच्या पिल्लासारखा. "मी खाल्ले. दोन. त्याची मुलगी दहावी पास झाली म्हणून."

सुहास गर्रकन वळला. "वहिनी, तुम्हीच तर माझ्या आईला सांगितलंत!"

"होय," मी म्हटलं, "मीच सांगितलं. मीच पेढे खाल्ले आणि मीच बोंब मारली. तुझ्या आईला जाऊन सांग, वहिनी मूर्ख आहे. तिला आधीपासून संशय होताच."

मागून एक बाई फिसकन हसली. मग दुसरी म्हणाली, "मी पन खाल्ला." मग तिसरी. अण्णांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "मला शुगर आहे, तरी मी अर्धा खाल्ला." पोरांतला जो म्होरक्या होता तो काहीबाही बडबडला, तुम्हाला त्याने फितवलंय वगैरे. पण खाल्लेल्या पेढ्यापुढे घोषणा देणं अवघड असतं. पोरं गेली. सुहास सगळ्यांत शेवटी गेला, आणि जाताना त्याने जीप मागे घ्यायला लावली.

सगळं तिथेच मिटलं असं नाही. बातमी सोडायला मला एक संध्याकाळ लागली होती. परत आणायला काकीने मला कितीतरी दिवस फिरवलं. नळावर, गिरणीत, बाजारात. मी तिला म्हटलं, "तूच का नाही सांगितलंस? पेढा तर तूच माझ्या तोंडात घातलास!" ती म्हणाली, "मी सांगितलं असतं तर लोक म्हनले असते, म्हातारी भोली हाय. ज्या तोंडातून निगालं त्याच तोंडानं परत घ्यायचं असतं." काही घरांत मला खुर्ची दिली, काही घरांत दिली नाही. एक बाई म्हणाली, "तुम्हाला धमकी दिली का हो कुणी?" खोटं ऐकताना कुणी मला असं विचारलं नव्हतं.

शेवटी काकीने मला टेम्पोत पुढे बसवलं, स्वतः शेजारी बसली, आणि वडखळ नाक्यावरून सगळ्यांना दिसेल असे आम्ही गणपती घेऊन रोह्याला गेलो. नाक्यावर तिने मुद्दाम टेम्पो थांबवून केळी घेतली, आणि भाव करायला अर्धा नाका गोळा होईस्तो वेळ लावला. नागोठणं सुटेपर्यंत मी खाली मान घालून होते. मग म्हटलं, "भाई, चुकलं माझं."

इब्राहिमभाई रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "आमच्याकडे पन एक पोरगा अशीच कॅसेट घेऊन आला होता, वहिनी. आवाज वेगळा. त्यात राक्षस तुम्ही. बाई मात्र त्यातही रडते."

"नाव घेते का पोराचं?" काकीने विचारलं.

"नाय." मग थोडं हसून म्हणाले, "अम्मीनं त्यातली फीत उपसून परसात काकडीच्या मांडवाला बांधली. वाऱ्यावर चमकते, पाखरं बसत नाहीत. काकड्या चांगल्या लागल्यात. देतो तुम्हाला."

दिल्या. कोवळ्या होत्या. घरी आणून मी माझ्या पोत्यातलंच मीठ लावून खाल्ल्या; अजून बरंच उरलं होतं.

लढाई संपल्यावर दत्ता सुट्टीवर आला, उन्हाने काळवंडलेला, धडधाकट. काकीने त्या दिवशी ब्रश धुतला नाही, तसाच पाण्यात ठेवून गेली. तो राक्षस गणेशोत्सवापर्यंत बिनडोळ्यांचाच राहिला; मंडळाने शेवटी त्याच्यापुढे फुलांची परडी ठेवून भागवलं. पुढे काकीचे स्वतःचे डोळे अधू झाले. ब्रश तिने माझ्या हातात दिला, स्टोव्ह मात्र शेवटपर्यंत दिला नाही. ती गेली तेव्हा रोह्याहून टेम्पो भरून माणसं आली होती, आणि शबनम तिच्या पायांशी बसून तिला हाक मारून रडली, "काकी, काकी" म्हणत.

आता माझा नातू मोबाईलवर काहीतरी दाखवतो, "आजी, बघ, बघ काय झालंय!" मी चष्मा शोधत विचारते, "कोणी पाहिलं?" तो म्हणतो, "सगळ्यांनी फॉरवर्ड केलंय." मी उठून आधण ठेवते. घरात चहा भरपूर उरतो.

पण मला स्वतःला तो चहा एकदाच मिळाला. पोरं गेल्यावर, त्याच दुपारी. बाहेर इब्राहिमभाई मूर्तींना पेंढा लावत होते. बिनडोळ्यांचा तो राक्षस कोपऱ्यातून माझ्याकडे तोंड करून बसलेला. काकीने कप भरून माझ्यापुढे ठेवला, शेजारी बसली, आणि अर्धी राहिलेली भुवई पुरी करायला ब्रश उचलता उचलता म्हणाली:

"त्यांनी कॅसेटीत राक्षस बिनडोल्यांचाच धाडला व्हता गो. डोले तू आखलेस. घे आता चा, निवतोय."